पेरूच्या फोडी

"आम्ही पेरूला चाललोय," असं मी जिन्यात सांगितलं, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मग आमच्यासाठीही अर्धा किलो घ्या. जरा कडक बघून घ्या. मागचे सगळे आतून लिबलिबीत निघाले."

मी त्यांना दक्षिण अमेरिका, अँडीज पर्वत, इंका लोक आणि माचू पिक्चू असं क्रमाक्रमाने समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. स्टेशनकडे जायचंच होतं, घेऊन आलो. हे फळही मूळचं अमेरिका खंडातलंच आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्धा किलो खंड तरी पदरात पडला.

बेत हिचा. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा काढला होता. नातू आता शाळेत जायला लागला तरी व्हिसा शिल्लक आहे, आणि आमच्या घरात उरलेलं काही टाकायची पद्धत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत निदान सहा महिने उरलेली असेल, तर पेरूला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, हे हिने कुठेतरी वाचलं. उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, तसा उरलेल्या व्हिसाचा पेरू करायचं त्याच रात्री ठरलं. साडू आणि हिची ताई यांचाही व्हिसा असाच फडताळात पडून होता. चौघं झालो. जावयाने न्यू जर्सीहून चार रंगांत एक एक्सेल करून पाठवलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. त्याचं नाव 'पेरू' ठेवल्यामुळे पहिले दोन दिवस ताई त्यावर भाव विचारत होत्या.

आमचे साडू म्हणजे सह्याद्रीतले जुने भटके. गड किती झाले हे ते स्वतः मोजतात, त्यामुळे आकडा दर दिवाळीला वाढतो. त्यांनी नाव ऐकल्याबरोबर निकाल दिला, "माचू म्हणजे माचीच हो, साडूसाहेब. आपल्या राजगडाला तीन आहेत, सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती. यांची एकच दिसते." मी शोधून सांगितलं की केचुआ भाषेत 'माचू' म्हणजे म्हातारा आणि 'पिक्चू' म्हणजे शिखर. म्हातारं शिखर. समोर जो सुळका फोटोत दिसतो तो वायना पिक्चू, म्हणजे तरुण शिखर. "मग मी तरुणावर चढणार," साडू म्हणाले. ताईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. गुडघ्यांना काहीच ऐकू गेलेलं नव्हतं.

ताईंनी मात्र पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलं, "वर तुम्ही जा. मी खाली हॉटेलात थांबेन, चार कपडे धुऊन टाकीन." तेव्हा आम्ही हसलो. पुढे कळलं की या विधानाला फार मोठी परंपरा आहे. ते येईलच.

हिला माचू पिक्चूला जायचंय ते फोटोसाठी. पायऱ्यापायऱ्यांचं गाव, मागे सुळका, मधे आपण, हा तो फोटो. रजनीकांत आणि ऐश्वर्या राय यांनी २०१० च्या 'रोबोट'मध्ये याच ठिकाणी नाच केलाय. गाण्याचं नाव 'किलिमांजारो', तो डोंगर आहे आफ्रिकेत आणि शूटिंग पेरूत. भूगोलाची एवढी पर्वा न करताही फोटो उत्तम येतो, हा हिच्या दृष्टीने त्या जागेचा मोठेपणा.

मला जायचंय गटारं बघायला.

हे घरात कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे सांगतो. मी ३४ वर्षं एका नगरपालिकेत ओव्हरसियर होतो, खातं पाणी आणि गटारं. माझ्या देखरेखीखाली बांधलेल्या गटारांवर पहिला पाऊस पडला की मी गावात तोंड दाखवत नसे. आणि तिथे, अतिवृष्टीच्या डोंगरावर, १४५० च्या सुमाराला पाचाकुती नावाच्या इंका राजाने शहर वसवलं, आणि ते अजून डोंगरावरून घसरलेलं नाही. केनेथ राइट नावाच्या अमेरिकन जलअभियंत्याने तिथला पाण्याचा हिशोब मांडला. त्याचा अंदाज असा की बांधकामाची निम्म्याहून जास्त मेहनत जमिनीखाली आहे. पाया, दगडांचा चुरा, निचरा. वर जे लोक फोटो काढतात तो नुसता उरलेला भाग. घासून बसवलेल्या दगडांत चुना नाही, कामाला चाक नाही, लोखंडाची हत्यारं नाहीत. लिपीसुद्धा नाही. हिशोब दोऱ्यांना गाठी मारून. लिपी नाही म्हणजे टेंडर नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी जरा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो.

तर बेत. पहिली अडचण उंचीची. डोंबिवलीत आमची सवय स्टेशनच्या पुलाइतकी. कळसूबाई १,६४६ मीटर, ते मी तरुणपणी एकदा केलं आणि त्यावर अजून बोलतो. माचू पिक्चू साधारण २,४३० मीटरवर आहे. पण खरी गंमत अशी की तिथे जायला आधी कुस्को शहरात उतरायचं, आणि कुस्को आहे ३,४०० मीटरवर. म्हणजे डोंगरावरचं शहर बघायला हजारभर मीटर उतरायचं. लिमा समुद्राकाठी, तिथून विमान सव्वा तासात माणसाला जवळजवळ लेहच्या उंचीवर आणून सोडतं. लेहचा अनुभव साडूंना आहे. त्यांनी तिथले पहिले दोन दिवस कपाळाला रुमाल बांधून छताचा अभ्यास केला होता. म्हणून जाणकार सांगतात, कुस्कोत उतरलात तरी मुक्काम करू नका, आधी खालच्या खोऱ्यात जाऊन झोपा.

आमच्या डॉक्टरांनी उंचीसाठी गोळी लिहून दिली. म्हणाले, "आदल्या दिवसापासून सुरू करा. फक्त एक आहे, लघवीला जास्त होईल."

"किती जास्त?"

"तुमच्या वयात," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी खिशात ठेवलं.

घरी येऊन मी नियम वाचले. माचू पिक्चूच्या आत स्वच्छतागृह नाही. आहे ते फाटकाबाहेर, पैसे देऊन. आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. फेरी अडीच-तीन तासांची. मी माझं वय, गोळी आणि फेरी यांचा गुणाकार केला. ३४ वर्षं मी इतरांच्या पाण्याचा निचरा पाहिला, आता माझ्यावर वेळ आली होती.

त्यातून इंकांनी करून काय ठेवलंय? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने शहरात आणलं आणि उतारावर एकाखाली एक सोळा कारंजी बांधली. पहिलं अर्थातच राजाच्या वाड्याजवळ. प्रत्येकाची धार अशी सोडलेली की घडा बरोबर भरावा. पाणी या कुंडातून त्या कुंडात झुळझुळत उतरतं. पुस्तकात वाचून मी भारावून गेलो होतो. आता त्या सोळाच्या सोळा धारांच्या कडेने, गोळी घेतलेल्या अवस्थेत, पाय जुळवून चालणारा मी मला दिसू लागलो.

"सकाळचा चहा घेऊ नका," ही म्हणाली.

"चहाशिवाय मला—"

"तेही खरंच. मग आत जाऊच नका." हिचा तोडगा नेहमी असा मुळावर असतो.

चहावरून आठवलं. तिथे उंचीवर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा चहा देतात. हॉटेलात टोपलीत पानं ठेवलेली असतात, आपल्याकडे पानसुपारी ठेवावी तशी. तिथे ते कायद्याने चालतं, पण त्यातली चार पानं पर्समध्ये टाकून आणली की अमेरिकेत आणि आपल्याकडे, दोन्हीकडे गुन्हा. हे मी ताईंना तीनदा बजावून सांगितलं, कारण हॉटेलातलं साखरेचं पुडकं आजवर त्यांनी कधी तिथे राहू दिलेलं नाही.

बाकी नियमही आपली ओळख काढून लिहिल्यासारखेच आहेत. आत खाण्याचे पदार्थ न्यायचे नाहीत. छत्री चालत नाही. सेल्फी स्टिक नाही, वाद्यं नाहीत. काठी चालेल, पण म्हाताऱ्यांना आणि तीही टोकाला रबर असलेली. पिशवी लहान. आगगाडीतही पाठीवरच्या एका लहान पिशवीपुरतंच सामान. हिने लाडू, दशम्या, मेतकूट आणि लोणचं यांची यादी केली होती, ती तशीच फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलीय, एखाद्या गेलेल्या माणसाच्या तसबिरीसारखी. काठीचं रबर मात्र साडूंनी तत्परतेने आणलं. चार घेतली तर एक फुकट होतं म्हणून पाच आणली. काठी एकच आहे.

"आणि त्या दिवशी संकष्टी आहे," ही म्हणाली.

म्हणजे खाणं न्यायचं नाही हा प्रश्न परस्पर सुटला आणि दुसरा उभा राहिला. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईपासून नागपूरपर्यंत गावोगावचा चंद्रोदय दिलाय, कुस्कोचा नाही. तिकडे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. चतुर्थी इथली धरायची की तिथली, यावर दोघी बहिणींची फोनवर चर्चा झाली. ती ऐकून इंकांना लिपी का लागली नसेल हे मला थोडंसं समजलं.

पण उपासाचं ताट आठवा. बटाटा अँडीजमधला, टिटिकाका सरोवराच्या आसपास तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीला आला, आणि पेरूत त्याच्या हजारो जाती आहेत. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा तिकडचाच. मिरची तिकडची, रताळं तिकडचं, राजगिरासुद्धा अमेरिका खंडातला. आपल्या सोवळ्यातल्या खिचडीत तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर आपलं काही नाही. मी हे जेवताना सांगितलं.

"मग त्या आधी आपले लोक उपासाला काय करायचे?" हिने विचारलं.

"उपास," साडू म्हणाले.

पेरूत बटाट्याला 'पापा' म्हणतात. ही मोबाइलवर स्पॅनिश शिकते, तिला हे तिसऱ्याच धड्यात आलं. मुलगी मला पप्पा म्हणते. स्पॅनिशमध्ये वडीलही जवळजवळ तसेच, फक्त शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा. तो जरा मागे सरकला की बापाचा बटाटा होतो. तेव्हापासून ही मुद्दाम मागे सरकवते.

आता ताईंच्या कपड्यांकडे येतो. हायरम बिंगहॅम हा येल विद्यापीठातला प्राध्यापक १९११ मध्ये पेरूत गेला तो माचू पिक्चू शोधायला नव्हेच. त्याला हवं होतं विल्काबांबा, स्पॅनिश फौजांपासून लपून राहिलेल्या इंकांची शेवटची राजधानी. २४ जुलैची सकाळ, पाऊस झिमझिमतोय. नदीकाठच्या एका शेतकऱ्याने, मेल्चोर आर्तेआगाने, वर डोंगरावर पडकी घरं आहेत म्हणून सांगितलं. वर यायला तोही तयार नव्हता, शेवटी रोख एक सोल कबूल केल्यावर निघाला. बिंगहॅमने आपल्या सोबत्यांना विचारलं. निसर्ग अभ्यासक म्हणाला, नदीकाठीच फुलपाखरं जास्त आहेत. आणि डॉक्टर म्हणाला, मला कपडे धुवायचेत.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा ताईंनी शांतपणे मान हलवली. शहाण्या माणसाला दुसरा शहाणा माणूस ओळखू येतो.

बिंगहॅम ओंडक्यांच्या पुलावरून रांगत नदी ओलांडून, घामाघूम होऊन वर पोचला, तर तिथे शेतकऱ्यांची बिऱ्हाडं. राजाच्या पायऱ्यांवर भाजीपाला लावलेला. त्यांनी पाहुण्याला गार पाणी आणि उकडलेली रताळी दिली. म्हणजे बिंगहॅमचाही उपासच घडला. इतक्या उंचावर राहण्याचं कारणही त्यांनी सांगितलं, इथे करवसुलीवाले आणि सैन्यात भरतीला धरून नेणारे येत नाहीत. मग एक लहान पोरगा त्याला पुढे घेऊन गेला आणि जगाला माचू पिक्चूचा 'शोध' लागला. तिथल्या एका भिंतीवर कुस्को भागातल्याच आगुस्तीन लिसारागाने आपलं नाव आणि १९०२ हे साल आधीच लिहून ठेवलेलं होतं. "बघा," साडू म्हणाले, "आपल्या गडांवर लिहितात त्यांना उगाच नावं ठेवतात."

बिंगहॅम हेच विल्काबांबा असं अखेरपर्यंत मानत राहिला. खरं विल्काबांबा एस्पिरितू पांपाच्या रानात होतं, आणि तिथे तो त्याच वर्षी जाऊन, एवढंसंच आहे म्हणून परतही आला होता. चुकीच्या जागी पोचून नाव झालेला आणि बरोबर जागी पोचून रिकाम्या हाताने परतलेला माणूस. आमच्या जावयाच्या एक्सेलमध्ये असल्या शक्यतेला रकानाच नाही.

साडूंना अर्थातच चालत जायचं होतं. इंका ट्रेल, चार दिवस, साधारण ४२ किलोमीटर, मधे ४,२१५ मीटरची खिंड आणि तिचं नाव 'मेलेल्या बाईची खिंड'. दिवसाला परवाने फक्त ५०० आणि त्यांतही हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे धरलेले. परवानाधारक वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. "मला गाईड?" साडू एवढंच म्हणाले, आणि गुडघ्यांची अब्रू अशा रीतीने राखली गेली. आम्ही रेल्वेने जाणार. ओयान्तायतांबोहून नदीच्या कडेने गाडी डोंगराखालच्या गावाला पोचते. त्या गावाला मोटारीचा रस्ताच नाही. नाव आग्वास कालिएन्तेस, म्हणजे गरम पाणी, आणि खरंच गरम पाण्याची कुंडं आहेत. त्यांची वज्रेश्वरी. ताईंचे कपडे लवकर निघतील.

२०२० च्या मार्चमध्ये एक जपानी प्रवासी तिकीट हातात घेऊन याच गावात पोचला आणि टाळेबंदी लागली. तो सात महिने तिथेच राहिला. शेवटी ऑक्टोबरमध्ये सरकारने त्याच्या एकट्यासाठी माचू पिक्चू उघडलं. हे वाचून ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गर्दी नसलेला फोटो मिळाला असेल त्याला."

गर्दीवर उपाय म्हणून आता तिकिटांच्या तीन वाटा केल्या आहेत, त्यांना सर्किट म्हणतात, आणि त्या तिघींच्या मिळून दहा पोटवाटा. पहिलं सर्किट वरच्या अंगाने, तिथून तो प्रसिद्ध देखावा दिसतो, पण खाली शहरात शिरता येत नाही. तिसरं खालच्या अंगाने, शहरातून हिंडवतं, पण वरच्या देखाव्याला नेत नाही. दुसऱ्यात दोन्ही आहे, म्हणून ते आधी संपतं. तिकिटावर दिवस, तास, नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला. अदलाबदल नाही.

मुलीचा सल्ला होता, दोघांनी दोन लॅपटॉपवर एकदमच बसा. फॉर्म भरताना आडनावाला दोन जागा दिसल्या. स्पॅनिश रिवाजात एक आडनाव बापाचं आणि एक आईचं. हिने आपलं माहेरचं आडनाव लिहिलं, मागे सरून बघितलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." त्या कौतुकात चार मिनिटं गेली. तेवढ्यात माझं कार्ड अडकलं आणि बँकेचा फोन आला.

"सर, तुमच्या कार्डावर पेरू देशात व्यवहार होतोय. आपण पेरूमध्ये आहात का?"

"नाही, डोंबिवलीत."

"मग पेरूत खर्च कोण करतंय?"

"मीच."

"सर, आपण नक्की कुठे आहात?"

हा प्रश्न बराच खोल होता. त्याचं उत्तर देऊन होईतो दुसऱ्या सर्किटचे सगळे तास डोळ्यांदेखत राखाडी झाले. आता मिळेल ते धरायचं म्हणून मी दिसेल त्यावर बोट ठेवलं, पलीकडे हिनेही. साडू आपल्या घरून तरुण शिखराचं तिकीट काढून मोकळे झाले होते. ताई मुळातच नव्हत्या.

दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली. माझं सर्किट एक, हिचं सर्किट तीन. ज्याला निचरा बघायचा तो वरून देखावा बघणार, आणि जिला देखावा हवा ती खाली गटारांतून फिरणार. माझ्या बाजूने एवढंच की सोळा कारंज्यांची झुळझुळ आता लांबून. हिच्या बाजूने काही सापडेना, म्हणून मी चहा टाकला.

ही तिकिटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी लाल टोपी घालते. तुम्ही वरून माझा फोटो काढा. मागे तो सुळका आला पाहिजे."

"एवढ्या लांबून ठिपका दिसशील."

"असू दे. माझा ठिपका मी ओळखीन." चहाचा कप घेत ती पुढे म्हणाली, "आणि तुमच्या गटारांचं काय काय बघायचं ते कागदावर लिहून द्या. उतार-बितार मला कळत नाही, पण दगड मोजून आणते."